मेंढीच्या बदल्यात मूल

सप्टेंबर 2022 मध्ये नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातली एक लहान कातकरी मुलगी दगावली. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या मेंढपाळाकडे ती मेंढ्या वळायच्या कामाला होती. अंगावर जखमा असलेल्या अवस्थेत तिला आईबापांच्या झोपडीपाशी आणून सोडण्यात आलं आणि काही दिवसांत रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. चौकशी सुरू झाली तेव्हा कळलं, की ती एकटी नव्हती. श्रमजीवी संघटनेचे कार्यकर्ते पाड्यांवर फिरले, पोलीस आणि महसूल खातं हललं आणि आणखी कितीतरी मुलं मेंढरांच्या कळपांमागून शोधून परत आणली गेली. त्यांच्या बदल्यात आईबापांना मिळालं होतं ते काहीशे ते काही हजार रुपये आणि एखादी मेंढी.

वर्तमानपत्रांनी ‘मुलं विकली’ असं छापलं. वाचणारे हळहळले, बऱ्याच जणांनी आईबापांना दोष दिला आणि चार-आठ दिवसांत विषय मागे पडला. ही मुलं कुठल्या तळघरात कोंडलेली नव्हती. हजेरीपटावरचं मूल शाळेत येत नाही हे गुरुजींना दिसत होतं. कळपामागे अनवाणी चालणारं पोर रस्त्याकडेच्या गावांना दिसत होतं. खतासाठी रानात मेंढ्या बसवून घेणाऱ्या शेतकऱ्याच्या तर ते डोळ्यांसमोर रात्र काढत होतं. दिसत सगळ्यांना होतं. जे दिसतंय ते मानवी तस्करी आहे, हे कुणाच्या मनात आलं नाही.

तस्करी म्हटलं की आपल्यासमोर एकच चित्र उभं राहतं: फूस लावून पळवलेली तरुणी, अनोळखी दलाल, रात्रीची गाडी, मोठ्या शहरातली बदनाम वस्ती. हे घडतं, आणि ते भयंकर आहे. पण महाराष्ट्रात माणसाचा सौदा बहुतेक वेळा दिवसाढवळ्या, ओळखीच्या माणसाकडून, साक्षीदारांसमोर आणि वहीत नोंद करून होतो. त्या सौद्याला आपण ‘उचल’ म्हणतो, म्हणजे कामाच्या आधी हातात दिलेले आगाऊ पैसे. ही उचल जोवर आपल्याला तस्करीचं साधन म्हणून दिसत नाही, तोवर आपली जनजागृती चुकीच्या माणसांना चुकीची गोष्ट सांगत राहील आणि सुटून आलेला माणूस पुन्हा त्याच दारात जाऊन उभा राहील, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायद्याला हे आपल्याआधी कळलेलं आहे. दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या समितीने अहवाल दिला आणि 2013 मध्ये भारतीय दंड संहितेचं कलम 370 नव्याने लिहिलं गेलं. आता ते भारतीय न्याय संहितेत कलम 143 म्हणून आलं आहे. शोषण करण्यासाठी माणसाला कामाला लावून घेणं, एका जागेहून दुसरीकडे नेणं, ठेवून घेणं, कुणाच्या हवाली करणं किंवा कुणाकडून स्वीकारणं, हे सगळं या कलमात तस्करी ठरतं. ती कोणकोणत्या मार्गांनी होते तेही सांगितलं आहे. धमकी, जबरदस्ती, पळवून नेणं, फसवणूक आणि सत्तेचा गैरवापर हे मार्ग आपल्या कल्पनेतल्या चित्रात बसतात. यादीतला शेवटचा मार्ग मात्र त्या चित्रात बसत नाही. ज्याच्या ताब्यात ती व्यक्ती आहे त्याची संमती मिळवण्यासाठी पैसे किंवा अन्य लाभ देणं-घेणं, हा तो मार्ग. बापाच्या हाती दिलेले हजार-दोन हजार आणि दारात बांधलेली मेंढी या वाक्यात तंतोतंत बसतात. शिवाय हेच कलम सांगतं, की तस्करी झाली की नाही हे ठरवताना पीडिताची संमती विचारात घ्यायची नाही. पीडित अल्पवयीन असेल तर शिक्षा किमान 10 वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप.

याच्या शेजारी 1976 चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा ठेवून पाहा. त्यात वेठबिगार राबवणाऱ्याला जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि 2,000 रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे ठाणे अंमलदार प्रथम खबरेत कोणतं कलम लिहितो, यावर सगळा खटला उभा राहतो किंवा आडवा होतो. नुसतं बालमजुरीचं कलम लावलं की शोषणाचा गंभीर गुन्हा कामगार खात्याच्या पातळीवरचा किरकोळ उल्लंघनाचा मामला होऊन बसतो. मजुराने मारहाणीची तक्रार केली आणि ती अदखलपात्र म्हणून नोंदली गेली, की तस्करी कागदावरून पुसलीच जाते.

उचलीचा व्यवहार चालतो कसा, हे नीट पाहिल्याशिवाय यातली पकड कळत नाही. पावसाळ्याच्या मध्यावर, भात अजून हिरवं असताना, कातकरी घरातलं धान्य संपलेलं असतं. त्यातच कुणी तापाने पडतं, कुणाचं बाळंतपण येतं. अशा वेळी मुकादम किंवा भट्टीवाल्याचा माणूस पाड्यावर येतो. तो परका नसतो. बहुधा नात्यातला किंवा शेजारच्या वाडीतला असतो. पाच-दहा हजार हातावर ठेवतो, वहीत नाव लिहितो, अंगठा घेतो. दिवाळी उलटली की टेम्पो येतो आणि नवरा, बायको, पोरं, कोंबड्या, भांडी असं सगळं बिऱ्हाड भिवंडी किंवा कल्याणच्या बाजूला वीटभट्टीवर पोचतं. तिथे बाप माती मळतो, आई साच्यात विटा पाडते आणि सात-आठ वर्षांची पोरं सुकलेल्या विटा उलट्या करतात. मजुरी हजार विटांमागे ठरलेली असते, पण ती हातात येत नाही. आठवड्याच्या बाजाराला तांदूळ, तेल, सुकट घेण्यापुरती ‘खावटी’ मिळते, आणि तीही वहीत चढते. अवकाळी पावसात कच्च्या विटा भिजून गेल्या तर ते नुकसान बहुतेक ठिकाणी मजुराच्याच अंगावर पडतं. मृगाच्या तोंडावर हिशेब होतो. वही शेठच्या हातात असते आणि वाचताही त्यालाच येतं. त्याने ‘अजून फिटलं नाही’ म्हटलं, की ते फिटलेलं नसतं. उरलेली बाकी पुढच्या हंगामावर जाते आणि माणूस त्या बाकीसकट जातो.

ऊसतोडीचं चित्र मोठं आहे आणि जास्त गुंतागुंतीचं. बीड, अहिल्यानगर, जालना भागातून लाखो माणसं दर हंगामात कारखान्यांच्या पट्ट्यात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ आणि उचल त्या कोयत्याला. बायको स्वतंत्र मजूर म्हणून कुठल्याच कागदावर नसते. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, पैसा कारखान्याचा. दिवस बुडला की ‘खाडा’ लागतो आणि त्याचा दंड उचलीच्या बाकीत चढतो. हा खाडा बाईच्या शरीराशी काय करतो, हे 2019 मध्ये सगळ्या राज्याने वाचलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82 हजारांवर महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. पाळी, गर्भारपण, अंगावरून जाणं यात दिवस मोडायचा म्हणजे कर्ज वाढवायचं. तो हिशेब बायकांनी स्वतःचा अवयव देऊन मिटवला. त्यांच्यावर कुणी चाकू रोखला नव्हता, हे म्हणणारे आहेत. मला त्यांना विचारायचं आहे, की दंडाची वही चाकूपेक्षा किती वेगळी असते?

प्रत्येक उचल म्हणजे तस्करी, असं मी म्हणत नाही. पोटासाठी गाव सोडणं हा गुन्हा नाही, आगाऊ पैसे घेणं हाही नाही. असे पैसे घेऊन हंगाम मारणारी आणि हिशेब चुकता करून परतणारी कुटुंबंही असतात. सीमारेषा कुठे आहे, ते 1976 च्या कायद्याने सांगून ठेवलं आहे. कर्जाच्या किंवा आगाऊ रकमेच्या बदल्यात माणूस किमान वेतनाला मुकला, दुसरीकडे काम करायला मुकला, हिंडाफिरायला मुकला किंवा आपला माल बाजारभावाने विकायला मुकला, की तो वेठबिगार. कसोटी सोपी आहे. आज, या क्षणी, हा माणूस ‘मी निघालो’ म्हणून बायकापोरांसह निघू शकतो का? नसेल निघू शकत, तर त्याला कामावर नेणारा, ठेवून घेणारा आणि त्यावर पैसा कमावणारा, अशा साऱ्या साखळीकडे तस्करीचा आरोपी म्हणून पाहिलं पाहिजे.

मुकादमांचीही बाजू आहे आणि ती खोटी नाही. दोन-दोन मुकादमांकडून उचल घेऊन पसार होणारे मजूर असतात. मुकादम स्वतः कर्जबाजारी होतो, त्याच्या जमिनीवर बोजा चढतो. इगतपुरीच्या प्रकरणातले मेंढपाळही काही धनदांडगे नव्हेत. आठ महिने पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणारा, ज्याच्या स्वतःच्या पोरांना शाळा नाही असा तो समाज आहे. एका गरिबाने दुसऱ्या गरिबाचं पोर घेतलं, कारण मोठा गडी पगार मागतो आणि पोर मागत नाही. हे समजून घ्यायला हवं, म्हणजे एखाद्या जातीला खलनायक ठरवून आपण मोकळे होणार नाही. पण समजून घेणं म्हणजे सोडून देणं नाही. बुडालेल्या पैशासाठी दिवाणी न्यायालय आहे. कर्जापोटी माणूस धरून ठेवण्याचा अधिकार या देशात कुणालाही नाही, बँकेला नाही आणि मुकादमालाही नाही.

हे सांगण्यासाठी महाराष्ट्राने कधीकाळी मोठी किंमत मोजली आहे. ठाणे जिल्ह्यात ‘लग्नगडी’ नावाची पद्धत होती. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि नवरा-बायको दोघांनी ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, त्याच्याकडे राबायचं. 1945 मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी वारली मोठ्या संख्येने जमले आणि गोदावरी व शामराव परुळेकरांच्या किसान सभेच्या नेतृत्वाखाली त्यांनी वेठ करायला नकार दिला. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक त्या लढ्याचं आहे. त्यानंतर पाच वर्षांत राज्यघटना लागू झाली आणि तिच्या अनुच्छेद 23 ने माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार या दोन्ही गोष्टींना एकाच वाक्यात मनाई केली. घटनाकारांना या दोन गोष्टी वेगळ्या वाटल्या नाहीत. त्या आपण नंतर वेगळ्या केल्या: एक पोलिसांच्या कक्षाकडे, दुसरी कामगार आणि महसूल खात्याकडे. मधल्या फटीत माणसं पडत राहिली.

सर्वोच्च न्यायालयानेही आपल्या बाजूने कसूर ठेवली नाही. दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात 1982 मध्ये न्यायालयाने म्हटलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करावं लागणं ही अनुच्छेद 23 च्या अर्थाने सक्तीची मजुरीच आहे, कारण भूक हीसुद्धा सक्तीच असते. फरिदाबादच्या दगडखाणींच्या खटल्यात, बंधुआ मुक्ती मोर्चाच्या याचिकेवर, हरियाणा सरकारचा युक्तिवाद असा होता, की मजूर सक्तीने राबत असतीलही, पण कर्ज सिद्ध झाल्याशिवाय त्यांना वेठबिगार म्हणता येणार नाही. न्यायमूर्ती भगवती यांनी तो फेटाळला. सक्तीची मजुरी दिसली, की तिच्यामागे उचल आहे असंच गृहीत धरायचं. नाही म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावं. मजुराकडे पावती कुठून येणार, हे त्या न्यायमूर्तींना उमगलं होतं. आपल्याकडच्या कित्येक कचेऱ्यांत मात्र आजही पहिला प्रश्न असतो, ‘पैसे घेतल्याचा काही कागद आहे का?’ आणि दुसरा, ‘पैसे घेतले होतेस ना? मग?’

‘आमच्या जिल्ह्यात वेठबिगार नाहीत’ हे वाक्य प्रशासनाला प्रिय आहे. वेठबिगारीतून सुटल्याचं एक जरी मुक्ती प्रमाणपत्र दिलं तरी जिल्ह्याच्या माथी आकडा लागतो आणि इतकी वर्षं ते कसं चालू होतं याचं उत्तर द्यावं लागतं. त्यापेक्षा मालक आणि मजूर यांना समोरासमोर बसवून ‘समजोता’ घडवणं, थोडे पैसे देववून बिऱ्हाड गाडीत बसवून देणं सोयीचं पडतं. अधिकाऱ्याला वाटतं, आपण मजुराचं भलं केलं. प्रत्यक्षात त्याने गुन्ह्याची नोंदच बुडवलेली असते. 2016 मध्ये केंद्र सरकारने 2030 पर्यंत 1 कोटी 84 लाख वेठबिगारांची ओळख पटवून पुनर्वसन करण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. 1978 पासून पुनर्वसन झालेल्यांचा सरकारी आकडा आजही तीन लाखांच्या आतबाहेर आहे. या दोन आकड्यांमधलं अंतर जित्याजागत्या माणसांचं आहे.

सुटकेच्या दुसऱ्या दिवशी काय होतं, तिथे तर आपली सगळी व्यवस्था उघडी पडते. छापा पडतो, छायाचित्रं येतात, गाडी माणसांना पाड्यावर आणून सोडते. पाड्यावर तीच झोपडी, रिकामी. बऱ्याच कातकरी वाड्यांखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर असते, त्यामुळे घर स्वतःचं असूनही कागदावर नसतं. जातीचा दाखला नाही, रेशनकार्ड फाटलेलं किंवा गहाण, मुलाचा जन्मदाखला मुळातच नाही. मुलाचं वय सिद्ध होईना, म्हणून अल्पवयीनाच्या तस्करीचं कडक कलम डळमळतं. इतक्यात त्याच मुकादमाचा भाऊ येतो आणि म्हणतो, तक्रार मागे घे, पुढच्या वर्षाची उचल वाढवून देतो. त्या माणसाने काय करावं, असं आपण म्हणायचं?

वेठबिगारांच्या पुनर्वसनाची केंद्रीय योजना कागदावर वाईट नाही. प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख, आणि लैंगिक शोषण किंवा तस्करीसारख्या अतिगंभीर प्रकारांत तीन लाख रुपये, अशी तिची रचना आहे. सुटल्याबरोबर द्यायची तातडीची मदत आता 30 हजारांपर्यंत आहे. पण सगळ्याला सुरुवात मुक्ती प्रमाणपत्रापासून होते आणि ते प्रांताधिकाऱ्याच्या किंवा जिल्हाधिकाऱ्याच्या सहीवर अडतं. मोठ्या रकमेचं अंतिम वाटप न्यायालयातल्या निकालाशी बांधलेलं आहे. खटला आठ-दहा वर्षं चालला, साक्षीदार फुटले, आरोपी सुटला, तर ज्याच्यावर अन्याय झाला तो पैशालाही मुकतो. गुन्हेगाराला शिक्षा होणं आणि पीडिताला आधार मिळणं या दोन गोष्टी एकमेकींना बांधणं हीच मुळात चूक आहे. घर जळालेल्या माणसाला आपण आग लावणारा सापडेपर्यंत उघड्यावर ठेवत नाही. वेठबिगारीचा पुरावा प्रशासनाला पटला आणि प्रमाणपत्र निघालं, की पूर्ण रक्कम महिन्याभरात खात्यावर जमा झाली पाहिजे, खटल्याचं काहीही होवो. ही दुरुस्ती करायला नवा कायदा लागत नाही.

लैंगिक शोषणासाठी झालेल्या तस्करीत सुटकेचा चेहरा आणखी विचित्र होतो. 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 17 नुसार सुटका केलेल्या स्त्रीला न्यायदंडाधिकारी एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवू शकतात. दलाल जामिनावर बाहेर आणि ती कुलपाआड. 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असाच एक आदेश रद्द करून तीन प्रौढ स्त्रियांना मुक्त केलं आणि सांगितलं, की त्यांना कुठे राहायचं ते ठरवण्याचा हक्क आहे. 2022 मध्ये बुद्धदेव कर्मास्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या प्रौढ स्त्रियांना पोलिसांनी त्रास देऊ नये, असे निर्देश दिले. तस्करीविरोधी कामातल्या काही कार्यकर्त्यांना हे निर्देश अडचणीचे वाटतात. मला ते आवश्यक वाटतात. जिला जबरदस्तीने आणलं तिची सुटका आणि जी स्वतःहून आहे तिची मोकळीक, या दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: तिला विचारलं का?

तिला विचारल्यावर काय होऊ शकतं, याचा पुरावा मुंबईशी जोडलेला आहे. फेब्रुवारी 1996 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शहरातल्या वेश्यावस्त्यांतून चारशेहून अधिक मुलींची सुटका झाली. त्यांतल्या बऱ्याच नेपाळच्या होत्या. त्यांना परत घ्यायला त्यांचा देश लगेच तयार झाला नाही, आणि त्या इथल्या सरकारी गृहांमध्ये कोंडल्यासारख्या राहिल्या. अखेर नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेऊन शंभराहून अधिक जणींना मायदेशी नेलं. त्या परत गेलेल्यांपैकी काही जणींनी मिळून ‘शक्ती समूह’ ही संघटना उभी केली. तस्करीतून सुटलेल्या स्त्रियांनी स्वतः चालवलेली संघटना. 2013 मध्ये तिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना मुंबईत आपण ‘पुनर्वसनाच्या फायली’ म्हणून हाताळलं, त्यांनी काठमांडूत दुसऱ्यांना सोडवायचं काम उभारलं. आपल्या राज्यात वेठबिगारीतून सुटलेले किती कातकरी स्त्री-पुरुष वेठबिगारीवर लक्ष ठेवणाऱ्या जिल्ह्याच्या दक्षता समितीवर बसतात? कायद्याने समितीत अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य असायला हवेत. भट्टीवरची वही स्वतः भोगलेला माणूस त्या टेबलाशी बसला, तर बैठकीत वेगळे प्रश्न विचारले जातील.

सुशिक्षितांना हा सगळा प्रकार दूरच्या पाड्यांवरचा वाटत असेल, तर त्यांनी म्यानमारच्या सायबर अड्ड्यांची आठवण ठेवावी. मार्च 2025 मध्ये वायुदलाच्या दोन विमानांतून 549 भारतीयांना थायलंडमार्गे परत आणावं लागलं. संगणकावरच्या नोकरीच्या आशेने गेलेली तरुण मुलं होती ती. तिथे पासपोर्ट काढून घेऊन त्यांना लोकांना ऑनलाइन लुबाडायच्या कामाला जुंपलं गेलं आणि सुटायचं असेल तर पैसे भर, असं सांगितलं गेलं. पदवी असली तरी साखळी तीच: ओळखीचा एजंट, आगाऊ खर्च, न फिटणारी बाकी.

जनजागृती करायची ती कुणाची, हा प्रश्न यातूनच येतो. दर वर्षी 30 जुलैला मानवी तस्करीविरोधी दिन पाळला जातो. शाळांतून फेऱ्या निघतात, मुलींना सांगितलं जातं, की अनोळखी माणसाने दिलेलं खाऊ नका, आमिषाला बळी पडू नका. यात मुलींवरच सावध राहण्याची जबाबदारी टाकलेली असते, आणि नेमका आत्याचा दीर किंवा गावचा मुकादम या सल्ल्यातून सुटतो. जागं करायचं आहे ते दुसऱ्याच माणसांना. दिवाळीनंतर वर्गातली सात मुलं एकदम दिसेनाशी झाली, तर शिक्षकाने ‘स्थलांतरित’ एवढा शेरा मारून थांबायचं नाही. कुठे गेली, कुणाबरोबर गेली, कुणी पैसे दिले, हे त्याने लिहायचं आणि केंद्रप्रमुखाने तहसीलदाराकडे पाठवायचं. वीट विकत घेणाऱ्या बांधकाम व्यावसायिकाने तो सिमेंटच्या प्रतीची जेवढी चौकशी करतो तेवढी भट्टीवरच्या मजुरांची करायला काय हरकत आहे? साखर कारखान्याने उचल थेट मजुराच्या, आणि बायकोच्या वाट्याची तिच्या, बँक खात्यावर द्यावी. हिशेबाची प्रत दोघांच्या हातात पडावी. सोसायटीतल्या एखाद्या घरात बारा-तेरा वर्षांची पोर दिवसरात्र राबताना दिसते आणि आपण ‘गावाकडून आणलीय, जेवते-खाते’ हे उत्तर मान्य करतो, तेव्हा कळपामागचं मूल पाहून गप्प राहिलेल्या गावांत आणि आपल्यात काही फरक उरत नाही.

उचलीला पर्याय दिल्याशिवाय ती थांबणार नाही, हेही तितकंच खरं. लोक उचल घेतात कारण आषाढ-श्रावणात हातात पैसा देणारा दुसरा कुणी नसतो. आदिवासी विकास विभागाची खावटी योजना नेमकी याच टंचाईच्या महिन्यांसाठी होती, म्हणजे सरकारला गरज माहीत आहे. 2020 मध्ये कुटुंबाला चार हजार रुपयांचं खावटी अनुदान जाहीर झालं, निम्मं रोख आणि निम्मं वस्तुरूपात. मुकादम त्याच्या दुप्पट-तिप्पट देतो, तेही एका संध्याकाळी आणि अर्ज न भरता. रोजगार हमीची कल्पना या राज्याने देशाला दिली. तिचं काम वाडीजवळ, वेळेवर आणि आठवड्याच्या आत मजुरीसह मिळालं, तर भट्टीचा टेम्पो निम्मा रिकामा जाईल. घराखालची जमीन नावावर करून देणं, जातीचे दाखले पाड्यावर येऊन वाटणं, ऊसतोडीच्या गावांतली हंगामी वसतिगृहं दिवाळीच्या आधी सुरू करणं, ही कामं कुठल्याही पोस्टरपेक्षा जास्त मुलं वाचवतील. ती सगळी आजच्या नियमांत बसतात आणि बहुतेकांसाठी तरतूदही असते.

वाचकांना माझी विनंती आहे. राबणारं, मारहाण झालेलं किंवा कुणाच्या तरी ताब्यात अडकलेलं मूल दिसलं तर 1098 वर फोन करा. प्रौढ व्यक्ती असेल तर 112 वर. आणि पोलिसांशी बोलताना ‘बालमजुरी’वर थांबू नका, ‘मानवी तस्करी’ आणि ‘वेठबिगार’ हे दोन्ही शब्द उच्चारा, तक्रारीत लिहायला लावा. त्याहीपेक्षा आधी करता येईल असं एक काम आहे. वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कलम 13 नुसार प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असणं बंधनकारक आहे. तुमच्या उपविभागाच्या समितीची शेवटची बैठक कधी झाली, तिला कोण हजर होतं आणि गेल्या पाच वर्षांत किती मुक्ती प्रमाणपत्रं दिली गेली, हे तीन प्रश्न प्रांत कार्यालयाला लेखी विचारा. माहितीच्या अधिकारातल्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर 30 दिवसांत देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.